बाईंना चालायचं होतं

मिरजकर तिकटीच्या अलीकडे उजवी पोटरी आवळली, तशा श्यामलाबाई विजेच्या खांबाला हात टेकून उभ्या राहिल्या. आजचं हे दुसरं थांबणं. पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की उभं राहायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. रोज अर्धा तास. सोमवारी परत तपासणी. चालणं वाढलं नसेल तर ऑपरेशन.

कळ ओसरत आली, तोच एक स्कूटर करकचून थांबली.

“बाई! अशा उभ्या का? बसा मागं, घरी सोडतो.”

अमरसिंह. सातवी ब. आता डोक्यावर एक केस नव्हता.

“मला चालायचंय, अमर.”

“खांब धरून उभ्या हायसा, आनि चालायचंय?”

“पाय दुखला की थांबायचं, मग पुन्हा चालायचं. तेच औषध आहे.”

“असलं कुठं औषध असतंय व्हय? पैला डॉक्टर बदला.”

“अमर, गप्प बस.”

“व्हय बाई,” म्हणत त्यानं गाडी स्टँडला लावली.

समोरच्या मेडिकलमधून संयोगिता प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आली. तीही शाळेतलीच. काल तिनंच बाईंना बळजबरीनं रिक्षात घातलं होतं. परवा आणखी कुणीतरी. छत्तीस वर्षं शिकवलं, आता या गावात दोनशे पावलं एकटीनं टाकायची सोय उरली नव्हती.

“बसा बाई.”

“मला बसायचं नाही गं!”

आवाज चढला तसे रस्त्यावरचे आणखी चौघे थांबले. कुणी विचारलं, चक्कर आली काय?

“बाईंना चालवंना झालंय,” अमरसिंहनं सगळ्यांना सांगून टाकलं.

“चालवतंय मला! तुम्ही चालू द्याल तर ना!”

“बाई, तुम्ही खांबाला धरून उभ्या आनि मी गाडीवरनं पुढं जाऊ? गाव तोंडात शेण घालंल माझ्या.” त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

बाईंनी एकदा पुढच्या रस्त्याकडे पाहिलं आणि स्कूटरवर बसल्या.

थांबत थांबत आलेली वीस मिनिटांची वाट दोन मिनिटांत मागे गेली. दाराशी बाईंनी चपला काढल्या. अमरसिंह पाया पडायला वाकला. दोन्ही पायांवर हात ठेवले, आणि उठलाच नाही. डाव्या पायावरचा हात उजव्यावर नेला, पुन्हा डाव्यावर आणला, शेवटी उजव्यावरच ठेवला.

“बाई,” तो खालूनच म्हणाला, “ह्यो पाय गार पडलाय की. एवढ्या उन्हाचा?”

“त्यालाच चालवायला निघाले होते मी.”