किमोनोची उजवी बाजू

थिएटरच्या दारावर टांगलेल्या लाकडी पाट्या कियोनोनं दोनदा वाचल्या. सगळ्या कथेकऱ्यांची नावं होती, तिच्या नवऱ्याचं नव्हतं. "पाटी रंगवायला गेली असेल," असं स्वतःशीच म्हणत तिनं तिकीट काढलं.

सोकिची भुताच्या गोष्टी सांगतो, हे तिनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. आसाकुसातल्या या थिएटरात उन्हाळाभर त्याच गोष्टी चालतात आणि तो रोज दुपारी इथंच येतो. तिनं मात्र त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तू समोर बसलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटेल गं," म्हणायचा. तिनंही हट्ट केला नाही. मासळीच्या दुकानात सार्डिनची पोटं साफ करून तिनं वीस वर्षं घर चालवलं, पण ताठ मानेनं, कथेकऱ्याची बायको म्हणून. आज ओबोनची सुट्टी होती, पितर घरी येण्याचे दिवस. तिला राहवलं नाही.

नवऱ्याबद्दल तिची तक्रार एकच होती. त्याचा पांढरा किमोनो धुवायला घेतला की आत झाकली जाणारी उजवी बाजू पावडरीनं माखलेली असायची आणि वर यायची ती डावी स्वच्छ.

"अहो, उजवी बाजू वर कोण घेतं? मढी!" ती हसायची. तो कधी हसायचा नाही.

मंचावर म्हातारे गुरू गोष्ट सांगत होते. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बायको, बर्फात मेलेली. त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. शेजारच्या आजोबांचा हातपंखा थांबला. गुरू उठले की आमचे हे बसतील, म्हणून कियोनो सरसावून बसली होती.

तेवढ्यात दिवे गेले. घंटा वाजली. हिरवट उजेडात केस मोकळे सोडलेलं भूत लोकांमधून चालत आलं. मनगटं लुळी, तोंड पांढरंफटक. बायका ओरडल्या. ओल्या गार हातानं एकेकाची मान चाचपत ते कियोनोपाशी आलं आणि वाकलं.

कोपराजवळ रफू होता. टाका तिचाच होता. किमोनोची उजवी बाजू वर होती, मढ्याला नेसवतात तशी.

भुतानं तिला पाहिलं. हात तसाच हवेत राहिला.

"भूत अडकलं रे!" मागून कुणीतरी फिसकन हसलं. आणखी दोघं हसले. गुरूंनी हातातला पंखा आपटला. भूत जागचं हललं नाही. पावडरीखालून सोकिची तिच्याकडे नुसता बघत होता, चोरी पकडलेल्या पोरासारखा. आणखी जरा हसू पसरलं असतं, तर हे कामही त्याच्या हातून गेलं असतं. वीस वर्षं या माणसानं आपल्याला उल्लू बनवलं, याचा तिला संताप आला. आणि त्याची कीवही आली, हे त्याहून वाईट.

कियोनो किंचाळली. बेंबीच्या देठापासून किंचाळली. तिच्यामागून सगळं थिएटर किंचाळलं. भूत अंधारात पळून गेलं आणि गुरूंनी गोष्ट पुढं सुरू केली.

संध्याकाळी सोकिची घरी आला. कानामागे पावडर राहिली होती. तिनं भात वाढला, वर लोणचं ठेवलं आणि रोजच्यासारखंच विचारलं, "काय, रंगली का गोष्ट?"

"रंगली." त्यानं भाताच्या वाडग्यातून डोकं वर काढलं नाही. "एक बाई तर फारच किंचाळली."

"किंचाळेल नाही तर काय," कियोनो म्हणाली. "तिचं घरचं माणूस गेलं असेल आज."