खडकातले ठोके

१९८६च्या दुष्काळात अणदूरजवळ एका सहकारी संस्थेची विहीर सुरुंग लावून खोल करायची होती. हादरा खडकात किती लांब जातो, ते मोजायला सोलापूरहून शामला नावाची संशोधक आली होती. तिनं तळाच्या खडकात केसाएवढा काचेचा तंतू बसवला. खडक हादरला की तंतूतला प्रकाश थरथरायचा आणि काठावरच्या यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढायचं.

भर दुपारी, सुरुंग भरायच्या आधीच पेन हललं. बारीक, सावकाश ठोके.

"खाली कोण आहे?" शामलानं विचारलं.

"कुनी न्हाय," मुकादम आबाराव म्हणाला.

दगड वाहणाऱ्या सरुबाईनं पाटी खाली टेकवली. "गेल्या साली बी तुमी असंच म्हणलात अन् बत्ती लावली. माझा धनी खाली होता."

"दावतोच खाली काय हाय ते!" आबाराव तावातावानं शिडी उतरू लागला.

तो जसजसा उतरला, तसतसे ठोके जलद होत गेले. त्याचा पाय तळाला टेकला आणि पेन थांबलं.

मग ते एकदम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं. पुऱ्या सुरुंगाचा हादरा होता तो. आवाज मात्र कसलाच झाला नाही.

शामला काठाशी धावली. तळाला कोरडा खडक होता. आबाराव नव्हता.

मागं पेन पुन्हा हलू लागलं. आता ठोके घाईचे होते, कुणी दोन्ही हातांनी दार बडवावं तसे.

सरुबाईनं शामलाचा हात घट्ट धरला.

"बडवू द्या, बाई. माझ्या धन्यानं बी लई बडवलं असंल."