बिनतोड

पेठला लहानूच्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा बहिरू टाळ्या वाजवत जळत होता. लहानूनं वीस वर्षं जंगल तोडलं, परवा थांबवलं. झाडांतला कार्बन हवेत जाण्यापासून वाचवल्याबद्दल त्याचा सत्कार. शेजारच्या पाड्यावरच्या बहिरूनं जन्मात फांदीही मोडली नव्हती. "साहेब, माझं काय?" त्यानं शाल देणाऱ्या साहेबांना विचारलं. "तुम्ही तोडतच नव्हता, काका. मग थांबवलं काय?" साहेबांचं म्हणणं बिनतोड होतं. म्हणून दुसऱ्या सकाळी बहिरू उसनी कुऱ्हाड घेऊन आजोबांनी राखलेल्या सागापाशी उभा राहिला. आधी तोडायचं, मग थांबायचं, मग शाल. दुपार झाली, तरी घाव पडला नव्हता. "तोडा की एकदाचं!" भाकरी घेऊन आलेली बायको वैतागली. डोळे मिटून बहिरूनं कुऱ्हाड उगारली. "दादा, थांब!" शाल पांघरलेला लहानू धापा टाकत आला. बहिरू सुखावला, अडवणारा मिळाला. "उलटी धरलीस. धार तुझ्याकडं हाय." बहिरूनं कुऱ्हाड निरखली, खाली टाकली. "म्हणजे तोडण्यातबी तूच पुढं!"