ब्रेकचे दिवे

१९७१ साली बाबा गेले आणि त्यांची जुनी गाडी गॅरेजात धूळ खात पडली. दादाचा तिच्यावर भारी जीव.

"रविवारपर्यंत सुरू झाली नाही तर भंगारात घालेन," आईने बजावलं.

रविवारी दादाने उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. ब्रेकचे दिवे लागतात का, ते बघायला धाकटी गाडीमागे उभी राहिली.

दिवे दोनदा लागले. कोपऱ्यावर वळताना बाबा खिडकीतल्या आईसाठी असाच दोनदा ब्रेक दाबत.

"लागले की रे, उस्ताद!"

"चेष्टा पुरे," दादा तिच्या पाठीमागून म्हणाला. "बॅटरी अजून माझ्या हातात आहे."

दिवे पुन्हा दोनदा लागले.

समोर स्वयंपाकघराच्या खिडकीत आईने हात हलवला. "झालं. आता निघतील ते," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

तिने भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही, दादाने पान्हा पुन्हा हातात घेतला नाही. तो परदेशी स्थायिक झाला, धाकटी त्याच घरात राहिली. गाडी कधीच सुरू झाली नाही.

आई गेली त्या पहाटे धाकटीने गॅरेजचं कुलूप काढलं आणि बॉनेटवर हात टेकला.

ते गरम होतं.