निळ्या झाकणाची बरणी

नोटीस तिने दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी एकाच ओळीवर अडकली. 'मागवलेल्या कॅमेरा लेन्सऐवजी खोक्यातून निळ्या झाकणाची, साखरेने भरलेली काचेची बरणी निघाली.' गेले दोन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरात साखर वाटीत होती. बरणी कुठे गेली म्हणून तिने सगळं घर पालथं घातलं होतं.

नवऱ्याला मात्र हसू आलं. तो जुन्या लेन्स दुरुस्त करायचा, ती त्या ऑनलाइन विकायची. असली गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती.

"साखरेची बरणी! खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलावं माणसाने. आपल्याकडे व्हिडिओ आहे ना?"

व्हिडिओ होता. प्रत्येक पार्सलचा असायचा. खोकं उघडं असल्यापासून चिकटपट्टी लागेपर्यंत, मध्ये कुठेही न थांबवता. हा नियम सासऱ्यांनीच घालून दिला होता. त्यांची हयात काचसामानाच्या दुकानात पॅकिंग करण्यात गेली. तीस वर्षांत एकच कप फुटला, तोही गिऱ्हाइकाच्या हातून, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. घरातली सगळी पार्सलं तेच बांधत.

विक्रीच्या साइटने आज पाचपर्यंत अख्खं रेकॉर्डिंग आणि लेखी खुलासा मागितला होता. नाही दिला तर दुकान बंद. नोटिशीखाली गिऱ्हाइकाच्या वकिलाने पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा इशाराही दिला होता.

"कर नाही त्याला डर कशाला?" सासरे खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसले. "लाव गं व्हिडिओ, सूनबाई."

पडद्यावरच्या सासऱ्यांनी खणखणीत आवाजात ऑर्डरचा नंबर वाचला. लेन्स कॅमेऱ्यासमोर धरली, पुढून दाखवली, मागून दाखवली. मग ते थांबले. लेन्स हातात धरून नुसते बसून राहिले. अर्धं मिनिट. मग उठले आणि लेन्स घेऊन चौकटीबाहेर गेले. पडद्यावर रिकामी खुर्ची. आतून कपाटाचं दार वाजलं. ते परत आले तेव्हा हातात निळ्या झाकणाची बरणी होती. बाळाला दुपट्ट्यात गुंडाळावं तशी त्यांनी ती पाच पदरी गुंडाळली, खोक्यात बसवली, पट्टी लावली आणि खोकं काट्यावर ठेवलं. काटा नऊशे दहा दाखवत होता. त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली.

"सहाशे चाळीस ग्रॅम. बरोबर."

तिला पडद्याकडे बघवेना. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. इतका वेळ पडद्यावरच्या शब्दांबरोबर हलणारे त्यांचे ओठ थांबले होते.

नवरा उठून आत गेला. लेन्स वरच्या फळीवर चहाच्या डब्यामागे होती. नीट पुसलेली, टोपण लावलेली. त्याने ती आणून टेबलावर ठेवली. कुणी हात लावला नाही.

तिने त्यांच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावून सगळं सांगितलं. स्पीकर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"व्हिडिओ पुसायचा विचारसुद्धा करू नका," वकील म्हणाला. "नोटीस आल्यावर पुरावा नाहीसा केलात तर मग वाचवणं कठीण. उलट तोच तुम्हाला तारेल. फसवायचा हेतू नव्हता हे त्यात आंधळ्यालाही दिसेल. लेन्स आजच पाठवा आणि खुलाशात चार ओळी लिहा. पॅकिंग करणाऱ्याला हल्ली भान राहत नाही. यापुढे हे काम त्यांच्याकडे नसेल."

"वडील आहेत ते माझे," नवरा म्हणाला.

"म्हणून तर लिहा. नाहीतर उद्या पोलीस त्यांनाच विचारतील, लेन्स घरात लपवून का ठेवली."

फोन ठेवल्यावर नवरा आतल्या खोलीत लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला. एक ओळ लिहायचा, खोडायचा. चार वाजायला आले होते. चारला कुरिअरवाला यायचा. एवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. दाराशी सात पार्सलं रचून ठेवली होती. सकाळीच बांधलेली. सासऱ्यांनी.

ती काटा घेऊन जमिनीवर बसली. चिठ्ठीवरचं वजन ती स्वतः घालायची. चिठ्ठी छापण्याआधी लेन्स आणि वेष्टणासकट रिकामं खोकं ती मोजून घ्यायची. पहिलं पार्सल जुळलं. दुसरं जुळलं. सासरे येऊन तिच्याशेजारी उकिडवे बसले.

"फोडत नाहीस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा. नुसतं वजन बघतेय."

तिसरं जुळलं, चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक वेळी सासरे तिच्याआधी काट्याकडे बघत आणि श्वास सोडत. सातवं उचलतानाच ते तिच्या हाताला हलकं लागलं. चिठ्ठीवर पाचशे ऐंशी होते. तिने ते काट्यावर ठेवलं. तीनशे वीस.

तिने डोळे मिटले. आता आत हाक मारायची, आणि त्या चार ओळी खऱ्या करायच्या.

"बघ की," सासरे म्हणाले. "बरोबर आहे."

तिने डोळे उघडले. काट्यावरचे आकडे चढत होते. चारशे. पाचशे. पाचशे ऐंशी. खोक्याच्या मागच्या कोपऱ्यावर सासऱ्यांचं एक बोट टेकलेलं होतं.

आतून नवऱ्याने विचारलं, "काय गं, जुळलं का सगळं?"

सासरे तिच्याकडे बघत होते. बोट त्यांनी उचललं नव्हतं, पण काट्यावरचा आकडा काही केल्या स्थिर राहत नव्हता. पाचशे ऐंशी, पाचशे सत्तर, पाचशे ऐंशी.