जांभळा शिक्का
“या कोऱ्या कागदांचे पैसे मागताय? लाज नाही वाटत?” कॅशियर खेकसला आणि माझी तीन बिलं त्यानं टेबलावर फेकली. कंपनीनं लिफ्ट दुरुस्त करायला मला परगावी धाडलं होतं. लॉज, टॅक्सी, सुटा भाग, सगळं मी खिशातून भरलं. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बिलं याच्या हातात दिली. यानं ती खिडकीतल्या उन्हात पाच महिने वाळत घातली आणि गुळगुळीत कागदावरची छपाई उडाली. मी विचारलं की “बघू, बघू” म्हणायचा. वर आता दात विचकत होता. मी बिलं उचलली. प्रत्येकावर जांभळा शिक्का मात्र ठसठशीत होता: “तपासले, बरोबर आहे.” खाली याचीच झोकदार सही. “तुम्ही कोऱ्या कागदांवर सह्या करता, हे मालकांना दाखवून येतो,” मी म्हणालो. त्यानं बिलांवर झडप घातली. मी हात मागे घेतला. “आधी पैसे.”