दार धरून उभा

बरबँकच्या त्या कार्टून स्टुडिओत गर्दीच्या दृश्यांसाठी नवे चेहरे शोधायला वेळ नसे, म्हणून सगळे चित्रकार एकमेकांचेच चेहरे काढत. मालिका मोठ्यांसाठीची, रक्तबंबाळ. तिचा सुपरहिरो दर भागात एखादी इमारत पाडायचा. दिग्दर्शक हॉलिस त्यात कितीदा तरी मेला होता, एकदा तर स्वतःच्याच गाडीखाली.

चित्रकार रोझलिननं नव्या भागाच्या गर्दीत नवऱ्याला, ड्वेनला, घातलं होतं. "मार खुशाल," तो म्हणाला होता, "फक्त केस विसकटू नकोस."

महिन्याभरात तो खरंच गेला. झोपेत. केस व्यवस्थित होते.

आता ते दृश्य तिला पुरं करवेना. तिनं ड्वेनला नव्यानं काढलं, इमारतीबाहेर धूम पळताना. सकाळी बघते, तर चित्रात तो दार धरून उभा. घरीही रोझलिनला दुसरा बूट सापडेपर्यंत तो असाच ताटकळायचा.

तिनं त्याला पुन्हा पळवलं. तो पुन्हा दारात.

"अगं, जगू दे की त्याला," हॉलिस हळूच म्हणाला.

"मी पळवतेय रे. तोच ऐकत नाही."

शेवटी सगळे तयार भाग बघायला बसले. पडद्यावर सुपरहिरो आभाळातून इमारतीवर झेपावला. लोक किंचाळत बाहेर पळाले. ड्वेन मात्र रस्त्याकडे बघून हसला, बाजूला सरकला आणि एका बाईला आत घेऊन त्यानं दार लावलं. बाईच्या अंगात पिवळा स्वेटर होता, हातात एक बूट.

"हिला कोणी काढलं?" हॉलिसनं रोझलिनच्या पिवळ्या स्वेटरकडे बघत विचारलं.

रोझलिननं खाली पाहिलं. तिच्या एका पायात बूट नव्हता.